घर्षणाने काळवंडणारी त्वचा

शाळेच्या क्रीडामहोत्सवात आमच्या वर्गातील एका विद्यार्थिनीने धावण्याच्या शर्यतीतून ऐन वेळी आपले नाव मागे घेतले. मुलगी चपळ, तरी हा नकार का, हे आम्हांस कळेना. पुढे तिच्या आईकडून उलगडा झाला. तिची मान काळवंडली होती. ‘आंघोळ करतेस की नाही?’ असे कोणी तिला हिणविले, आणि तेव्हापासून ती बिचारी वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीने रोज मान घाशीत होती. मान अधिकच काळी पडली. तिच्या निमित्ताने या विषयावर चार शब्द लिहीत आहोत.

आपल्या त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी रंगपेशी असतात. त्या मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य तयार करतात. गोऱ्या व सावळ्या माणसांत या पेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. भेद असतो तो रंगद्रव्याच्या प्रमाणात. त्वचा वारंवार घासली गेली की तिचा सूक्ष्म दाह होतो, रंगपेशी चेतविल्या जातात आणि अधिक रंगद्रव्य निर्माण करतात. शिवाय सुताराच्या तळहाताला घट्टे पडतात, त्याप्रमाणे घासली जाणारी त्वचा जाडही होते. म्हणजे हा काळेपणा मळ नव्हे. तो त्वचेने केलेला स्वतःचा बचाव आहे. मळ समजून घासावे, तो वाढतच जातो. नायलॉनच्या कपड्याने अंग घासल्यामुळे पडणाऱ्या अशा डागांचे वर्णन जपानी वैद्यांनी १९८० नंतरच्या दशकात केले आहे.

मान, काख, मांड्यांची आतली बाजू, कोपर, गुडघे आणि परकराच्या नाडीखालची कंबर ही घर्षणाची नेहमीची स्थाने. आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेत घामाने त्वचा ओली राहते व अधिक घासली जाते. कंबरेकडे तर दुर्लक्ष मुळीच करू नये. धोतराच्या घट्ट आवळणीखाली वर्षानुवर्षे घासल्या गेलेल्या त्वचेवर क्वचित कर्करोगही उद्भवतो, हे मुंबईचे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी आपल्या सहकाऱ्यासह १९४५ साली दाखवून दिले. असे फार विरळा घडते. तरी नाडी सैल बांधावी, तिची जागा बदलावी आणि तेथे न भरणारी जखम दिसल्यास वैद्यास दाखवावी.

उपायांत पहिला म्हणजे घर्षण थांबविणे. सुती व सैल कपडे वापरावेत, घामाने भिजलेले लगेच बदलावेत, अंग टॉवेलाने न रगडता टिपून घ्यावे. मांड्या घासत असल्यास खेळापूर्वी पेट्रोलियम जेली लावावी. लिंबू चोळू नये. त्याचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडले तर उलट काळे डाग उठतात. त्यानंतर हवा तो धीर. त्वचेचा वरचा थर सुमारे चार आठवड्यांनी नवा होतो; परंतु डाग फिके पडण्यास कित्येक महिने लागतात.

दोन सावधगिरीच्या सूचना. मान व काख मखमलीसारखी जाड व काळी झाली असेल, तर ते शरीरातील इन्सुलिनचे कार्य नीट होत नसल्याचे चिन्ह असू शकते. अशा वेळी मानेपेक्षा रक्तातील साखर तपासणे अगत्याचे. दुसरे असे, की गोरेपणाच्या आशेने स्टिरॉइडयुक्त मलमे आपल्याच मनाने लावू नयेत. त्यांनी त्वचा पातळ होते, मुरमे येतात आणि मलम सोडताच दाह उसळतो.

वैद्यांनी त्या मुलीला तपासले, साखर ठीक असल्याचे सांगितले आणि घोसाळ्याची जाळी टाकून देण्यास बजावले. पुढच्या सत्रापर्यंत तिची मान पुष्कळ उजळली. परंतु तिला हिणविणारा तो एक प्रश्न विसरावयास मात्र अधिक काळ लागला. विद्यार्थी मित्रांनो, त्वचेवरील डाग काळाने जातात. जिभेने उमटविलेले डाग सहजी जात नाहीत, एवढे लक्षात असू द्या.