ओव्याची बाटली आणि नऊ पिल्ले

गेल्या वर्षी पावसाळ्यात आमच्या शेजारच्या अंकलच्या डुकरिणीला नऊ पिल्ले झाली. ती वाढवून विकायची आणि मुलीची फी भरायची, असा त्यांचा हिशेब होता. महिन्याची झाल्यावर पिल्लांचे दूध तोडले, आणि आठवड्यात चार पिल्ले हगवणीने गेली. मग कोणीतरी त्यांना सुगंधी तेलाची बाटली आणून दिली. "खाद्यात घाला, औषध लागणारच नाही!" अंकल बाटली घेऊन माझ्याकडे आले. "अरे, तू केमिस्ट्री शिकतोस ना? मग सांग, हे खरं की थाप?"

झाकण उघडलं तर ओव्याचा वास! लहानपणी पोट दुखलं की आजी ओवा चावायला द्यायची, तोच.

आधी पिल्लांना होतं काय ते पाहू. आईच्या दुधातून पिल्लाला अन्नाबरोबर रोगापासून संरक्षणही मिळत असतं. दूध तुटलं की दोन्ही एकदम बंद होतात. घाबरलेलं पिल्लू एक-दोन दिवस नीट खात नाही, मग भूक अनावर होऊन भरमसाट खातं. त्याच्या पोटात अजून पुरेसं आम्ल तयार होत नसतं. न पचलेलं अन्न आतड्यात उतरतं, त्यावर ई. कोलाय जातीचे जंतू पोसतात आणि हगवण लागते.

यावर जगभर सोपा उपाय चालत आला: खाद्यातच रोज थोडं अँटिबायोटिक. पण रोजच्या थोड्या मात्रेला जंतू सरावतात आणि ते माणसापर्यंतही पोचतात. म्हणून वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालणं स्वीडनने 1986 मध्ये बंद केलं, तर संपूर्ण युरोपीय संघाने 1 जानेवारी 2006 पासून. माणसांसाठी शेवटचा आधार असलेलं कोलिस्टिन भारतानेही 2019 मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांकरिता बंद केलं. मग पर्याय शोधताना शास्त्रज्ञ मसाल्याच्या डब्याकडे वळले.

ओव्यात थायमॉल असतं, ज्याला आपण ओव्याचं फूल म्हणतो. लवंगेत युजेनॉल, दालचिनीत सिनामाल्डिहाइड आणि ओरेगानोत कार्व्हाक्रॉल. ही द्रव्यं पाण्यापेक्षा तेलात जास्त विरघळतात. जंतूचं आवरणही स्निग्ध, त्यामुळे ती त्यात शिरतात. आवरण गळू लागतं, आतले क्षार बाहेर येतात आणि जंतू दुबळा होतो किंवा मरतो. म्हणजे बाटलीतली गोष्ट थाप नव्हे.

पण परीक्षानळीत जे घडतं ते पिल्लाच्या पोटात तसंच घडेल असं नाही. तेलाचा बराच भाग जठरात आणि लहान आतड्याच्या सुरुवातीलाच शोषला जातो, जंतू मात्र पुढे बसलेले. म्हणून चांगल्या उत्पादनांत तेलाच्या थेंबाला चरबीचं कवच देतात, ते पुढे जाऊन विरघळतं. शिवाय ही तेलं उडून जाणारी, गरम खाद्यात घातली की काही गुण वाफेबरोबर जातो. म्हणूनच प्रयोगांचे निकालही एकसारखे येत नाहीत. कुठे हगवण कमी झाली, वजन वाढलं, तर कुठे काहीच फरक नाही.

आणि मात्रा! किलोभर खाद्यात शंभर मिलिग्रॅम धरलं, तर दहा किलोला फक्त एक ग्रॅम. अंकलनी अंदाजाने धार ओतली होती. पिल्लांनी वास घेतला आणि तोंड फिरवलं. जास्त तेलाने तोंड-पोटाची आतली त्वचाही भाजते.

मी अंकलना एवढंच म्हटलं, की तेल मदतनीस आहे, डॉक्टर नव्हे. पशुवैद्यांनी त्यांना पुढच्या वेताआधी कामांची यादीच दिली: कोरडी जागा, उबेसाठी बल्ब, स्वच्छ पाणी, दूध तुटण्याआधीपासून थोडं थोडं खाद्य, आणि तेल मोजून. हगवण लागलीच तर औषध द्यायचं, पण डॉक्टरांना विचारून.

जानेवारीत सात पिल्ले झाली. एक दगावलं, सहा जगली. श्रेय तेलाचं की बल्बचं, हे एका वेतावरून सांगता येत नाही, असं मी म्हटलं. अंकल हसले. "तुझं शास्त्र राहू दे. बाटली संपत आली आहे, तराजू मात्र मी ठेवणार."