आशाताई बाळंतिणीच्या घरी कशासाठी येतात?



उसाची लागण झाली की पहिला दीड महिना आपण सरीतून किती चकरा मारतो! उगवण कशी आहे, तूट कुठे पडली, हे बघतो आणि नांग्या भरून घेतो. तान्ह्या बाळाचे पहिले ४२ दिवसही असेच नाजूक असतात. फरक एवढाच, की इथे नांगी भरता येत नाही.

म्हणूनच २०११ पासून आशाताई ठरल्या दिवशी बाळंतिणीच्या घरी येतात. बाळंतपण दवाखान्यात झाले असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी. घरी झाले असेल तर पहिल्या दिवसाची एक भेट जादा.

"वजन करायचं नि कागद भरायचा, दुसरं काय?" असे काही घरांत बोलले जाते. तसे नाही. बाळ अंगावर नीट पिते का, अंग गार पडले की तापले, नाळेला पू आहे का, हे त्या बघतात. श्वास मोजतात. शांत असताना मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, छाती आत ओढली जाणे, पिणे सोडणे, हातपाय ढिले पडणे, ही धोक्याची चिन्हे. मग "उद्या बघू" म्हणायचे नाही. १०२ किंवा १०८ ला फोन करून तडक दवाखाना गाठायचा. वर्षाच्या आतील आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात उपचार मोफत आहेत.

या पद्धतीचा पाया आपल्याच राज्यात घातला गेला. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवून तयार केले. १९९९ साली निष्कर्ष छापून आले. तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू, तुलनेच्या गावांच्या मानाने, सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले होते.

घरच्या वडीलधाऱ्यांना एक विनंती. मध, गुटी, पाणी काही चाटवू नका. सहा महिने फक्त आईचे दूध. नाळेला राख-हळद लावू नका. पुढे ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यांतही आशाताई येतात. वरचे अन्न, वजन, लसी यांची विचारपूस करतात. त्या वेळी सुनेला मोकळेपणाने बोलू द्या.

आता आपल्या फडातली गोष्ट. गाळप हंगामात तोडणीच्या टोळ्या येतात, त्यांत ओल्या बाळंतिणीही असतात. बाळाचे नाव गावाकडच्या वहीत आणि बाळ इथल्या कोपीत. तिकडच्या आशाताई इतक्या लांब येऊ शकत नाहीत, इकडच्यांना बाळ आल्याचे ठाऊक नसते. भेटी चुकतात, लसी राहतात.

ज्यांच्या फडात टोळी उतरली असेल त्यांनी एवढे करावे: लहान मूल किती, हे मुकादमाला विचारावे, गावच्या आशाताईंना आणि अंगणवाडीत कळवावे, भेटीच्या दिवशी आईला कोपीवर थांबू द्यावे, माता-बाल कार्ड जवळ ठेवायला सांगावे. खर्च काही नाही. आपला ऊस वेळेवर जावा म्हणून जी बाई पहाटे थंडीत कोयता घेऊन उभी राहते, तिच्या बाळासाठी एवढा निरोप पोचवणे आपल्याला जड नाही.