झेपेपेक्षा उतरणे अवघड

हँग ग्लायडिंग म्हटले की कड्यावरून घेतलेली झेप डोळ्यांसमोर येते. मला मात्र उतरण्याचेच अधिक अप्रूप वाटते.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील ओवेन्स खोरे या खेळासाठी प्रसिद्ध आहे. पश्चिमेला सिएरा नेवाडा, पूर्वेला व्हाइट आणि इन्यो डोंगर. काही शिखरे चार हजार मीटरांहून उंच, तर वाळवंटी तळ सुमारे बाराशे मीटरांवर. १९७७ साली जेरी कॅट्झने येथेच १०३ मैल उडून शंभर मैलांचा टप्पा ओलांडला.

उन्हाने तापलेल्या उतारांवरून गरम हवा वर उठते. बिनइंजिनाचा पंख तिच्यात घारीसारखा घिरट्या घालत चढतो. पण जे ऊन वर नेते, तेच खाली घात करते. दुपारी तळावर वावटळी फिरतात. कन्नडमध्ये आपण जिला सुंटरगाळी म्हणतो, तीच ही. जमिनीलगत ती पंख उलटवू शकते. शिवाय तापलेली हवा विरळ, त्यामुळे उतरतानाचा वेगही जास्त.

वाऱ्याकडे तोंड करून यायचे आणि अगदी शेवटच्या क्षणी हातातला दांडा पुढे ढकलायचा. पंखाचे नाक वर होते, वेग मोडतो, पाय टेकतात. घाई झाली तर पंख वर उचलला जाऊन आपटतो. उशीर झाला तर नाक मातीत.

म्हणून जाणता उड्डाणपटू उंची हाताशी असतानाच उतरण्याची जागा हेरतो. पुढे मोकळी जमीन नसेल, तर आणखी मैल मिळत असूनही मागे वळतो. वर्गात मी मुलांना विक्रमाचा आकडा सांगतो. पण त्याआधी हे मागे वळणे सांगतो.