उतरत्या छपराखालचें न्हाणीघर

कोंकणांतील जुन्या घरांत न्हाणी आणि शौचकूप हीं घरामागें, थोडीं दूरच असत. तरुण माणसांस त्याचें कांहीं वाटत नसे. पण आषाढांतल्या रात्रीं निसरड्या अंगणांतून, हातांत कंदील घेऊन परसांत जाणाऱ्या वृद्धांचे काय हाल होत असतील, हें सांगावयास नको. म्हणून मुंबई-पुण्यास राहणारीं कुटुंबें गांवचें घर दुरुस्त करावयास काढतात, तेव्हां मागील पडवी भिंतींनीं बंद करून तेथेंच ऐसपैस न्हाणीघर करावें, असा बेत बहुधा ठरतो. बेत चांगला आहे. जागा मोठी मिळते आणि सांडपाण्यास बाहेरची वाट सोपी पडते. अडचण एकच, आणि ती डोक्यावर असते: पडवीचें छप्पर उतरतें असतें.

हा उतार पावसासाठीं असतो. बासल मिशननें १८६५ सालीं मंगळुरास कौलांचा कारखाना काढला आणि पुढें मंगळुरी कौलें कोंकणभर पसरलीं. हीं कौलें खांचेनें एकमेकांत अडकतात. तरी पाणी त्यांवरून वेगानें ओघळून गेलें तरच घर कोरडें राहतें. उतार ३० अंशांचा असला, तर छप्पर दर फुटास सुमारें ७ इंच खालीं येतें. एवढा एक आंकडा ध्यानांत ठेविला, म्हणजे पुढचा सर्व हिशेब सोपा होतो.

समजा, पडवी १२ फूट लांब व १० फूट रुंद आहे, आणि घराच्या भिंतीशीं छपराची आंतील उंची ११ फूट आहे. १० फुटांत छप्पर जवळ जवळ ५ फूट ९ इंच उतरेल. म्हणजे वळचणीकडील बाहेरच्या भिंतीशीं ५ फूट ३ इंचच उंची उरेल. कागदावर क्षेत्रफळ १२० चौरस फूट दिसतें. परंतु मोकळेपणीं उभें राहण्यास हवी ती साडेसहा फुटांची उंची घराच्या भिंतीपासून सुमारें पावणेआठ फुटांपर्यंतच मिळते. बाहेरच्या भिंतीलगतचा सव्वादोन फुटांचा पट्टा, म्हणजे २७ चौरस फूट जागा, उभ्या माणसाच्या उपयोगाची नाहीं.

म्हणून सपाट छताच्या खोलीचा आराखडा जमिनीवरून आंखला तरी चालतो. उतरत्या छपराच्या खोलीचा मात्र प्रथम उभा छेद काढावा लागतो. गवंड्यास बोलावण्यापूर्वीं हें काम घरींच करतां येतें. साडेसहा फुटांची सरळ काठी घ्यावी. ती उभी धरून बाहेरच्या भिंतीकडे सरकवीत न्यावी आणि तिचें टोंक वाशास टेकेल तेथें जमिनीवर खडूनें खूण करावी. खोलीच्या दोन्हीं टोंकांस अशा खुणा करून मध्यें दोरी ताणली, कीं उभें राहण्याची जागा आणि बसण्या-ठेवण्याची जागा यांची सीमा डोळ्यांपुढें येते. वाशांखालीं तक्तपोशी करावयाची असेल, तर तिच्या जाडीइतकी काठी लांब घ्यावी.

आतां वस्तूंची वांटणी. स्नानास एका टोंकाची ४ फुटांची जागा द्यावी. माणूस केंस धुतांना हात डोक्यावर नेतो, म्हणून शॉवर व उभें राहण्याची जागा घराच्या भिंतीकडील पांच-साडेपांच फुटांत असावी. फरशीस बाहेरच्या भिंतीकडे दर ४ फुटांस १ इंच उतार द्यावा, म्हणजे पाणी ठेंगण्या बाजूस वाहत जाऊन मोरीवाटे बाहेर पडेल. त्या ठेंगण्या बाजूस पाण्याचें पिंप ठेवतां येतें. बसून स्नान करणाऱ्याचा पाट मात्र तेथें मांडूं नये. बसतांना जागा पुरते, पण उठतांना डोकें वाशावर आपटतें. पाणी अडविण्यासाठीं उंच उंबरा घालण्यापेक्षां स्नानाची फरशी अर्धा इंच खालीं घ्यावी, म्हणजे वृद्धांचें पाऊल अडखळत नाहीं.

कमोडची पाठ ठेंगण्या भिंतीस लावावी. त्याची लांबी भिंतीपासून सव्वादोन फुटांच्या आसपास भरते. त्यामुळें बसलेल्या माणसास ठेंगणा पट्टा पुरतो, आणि तो उठतांना पुढें झुकून पुऱ्या उंचीखालीं येतो. मैल्याचा नळही सरळ बाहेर काढतां येतो. बाजूच्या भिंतीपासून कमोडचा मध्य निदान १५ इंच, आणि शक्य तर १८ इंच दूर असावा. ठेंगण्या पट्ट्याच्या उरलेल्या भागांत कपाट, मळक्या कपड्यांची टोपली किंवा कपडे धुण्याचें यंत्र ठेवावें. बेसिन व आरसा यांस दुसऱ्या टोंकाच्या भिंतीची उंच बाजू द्यावी. वर दोन कांचेचीं कौलें बसविलीं, तर दिवसा दिव्याची गरज पडत नाहीं.

वाफेचा विचार मात्र बहुतेक घरांत राहून जातो. ऊन वाफ वर चढते आणि छपराच्या सर्वांत उंच कोपऱ्यांत सांचते. म्हणून हवा बाहेर टाकणारा पंखा बाजूच्या भिंतींत, जितका उंच बसेल तितका उंच बसवावा. खालून पक्कें छत ठोकून वाशांची हवा बंद केली, तर आंत शिरलेला दमटपणा तेथेंच कोंडतो. लांकूड कुजतें, वाळवी लागते, आणि हें सर्व झांकलेलें असल्यामुळें कोणास दिसत नाहीं. छत करावयाचेंच असेल, तर हवेस वाट ठेवावी आणि वासे तपासण्यास एक झडप ठेवावी.

दोन गोष्टींत तर जिवाचाच प्रश्न आहे. गॅसचा गीझर न्हाणीघरांत लावूं नये. हवा अपुरी पडली, कीं त्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु निघतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, आणि बंद दारामागें बेशुद्ध झालेल्या माणसाची बाहेर कोणास दाद लागत नाहीं. विजेचा गीझर असेल, तर तो पक्क्या भिंतीस टांगावा, वाशास कधींही नव्हे. २५ लिटरच्या गीझरांत नुसतें पाणीच २५ किलो असतें. त्याचें बटण दाराबाहेर असावें, आणि ३० मिलिअँपिअरच्या गळतीस वीज तोडणारा स्विच बसवावा. दुसरी गोष्ट दाराची. दार बाहेर उघडणारें असावें. आंत कोणी पडल्यास आंत उघडणारें दार त्याच्याच अंगाशीं अडतें. कमोडशेजारीं व स्नानाच्या जागीं ३३ ते ३६ इंच उंचीवर धरण्यास दांडी लावावी, आणि फरशी खरखरीत निवडावी.

सगळें ठरल्यावर कमोड, बेसिन व दार यांच्या पुऱ्या मापाच्या आकृति खडूनें जमिनीवर काढाव्या. मग घरांतील सर्वांत उंच आणि सर्वांत वृद्ध अशा दोन माणसांस तेथें आणावें. कमोडच्या जागीं खुर्ची ठेवून त्यांस बसावयास, उठावयास, वळावयास व हात वर करावयास सांगावें. कोणाचें डोकें टेकलें, तर खडूची रेघ पुसून वस्तु वीतभर सरकवितां येते. नळ एकदां भिंतींत गाडले गेले, म्हणजे तेवढ्याचसाठीं फरशी फोडावी लागते.