नवा डेस्कटॉप, डळमळीत रॅम

काशीत बालाजी घाटाजवळच्या एखाद्या मराठी घरात कुणी सुटे भाग आणून डेस्कटॉप जोडला आणि तो मध्येच निळी स्क्रीन दाखवून बंद पडू लागला, तर विंडोज पुन्हा टाकण्याची घाई करू नये. रॅम चुकत असेल, तर नव्या फाइलीही बिघडून लिहिल्या जाऊ शकतात. आधी बायॉसमध्ये रॅमचा वेग वाढवणारं एक्सएमपी किंवा एक्स्पो बंद करावं. डीडीआर५ च्या खोक्यावर छापलेला ६००० चा वेग म्हणजे ओव्हरक्लॉकच; ४८०० वर मशीन स्थिर राहिलं तर स्टिक बहुधा चांगली आहे. मग पेनड्राइव्हवरून रॅम तपासणारं मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवावं. एकही एरर खपवून घेऊ नये. दिसलीच, तर एकेक स्टिक एकाच स्लॉटमध्ये लावून तपासावी. चाचणी मे महिन्यातल्या दुपारीही घ्यावी, कारण तापलेल्या रॅममधला विद्युतभार लवकर गळतो.