तार कुठे छेडली?

आषाढीसाठी कौंडिण्यपूरहून रुक्मिणीमातेची पालखी पंढरपूरला निघते, तेव्हा पाहणाऱ्याचे लक्ष टाळ-मृदंगाकडे जाते. जरा वीणेकऱ्याच्या बोटाकडे पाहा. वीणा खांद्याशी उभी धरलेली असते, बोट तारांवरून फिरत राहते आणि दर वेळी जवळपास एकाच जागी पडते. अभंग बदलतात, चाली बदलतात, गावे मागे पडतात. वीणेचा षड्ज तोच राहतो आणि त्याचा पोतही तोच. गोंधळ्याच्या तुणतुण्याचेही तसेच: एक तार, एक जागा, एक सूर.

आता अमरावतीच्या राजापेठेत किंवा अकोल्याच्या जठारपेठेत एखाद्या घरी नवी गिटार येते. शिकवणारा पहिल्याच दिवशी बजावतो, "डाव्या हाताचं बोट फ्रेटच्या अगदी लगत ठेव. उजवा हात भोकाच्या आसपास राहू दे." पोरगा मान डोलावतो आणि कामाला लागतो. असे का, हे सहसा कोणी विचारत नाही. विचारायला हवे, कारण या दोन साध्या सूचनांच्या पोटात तारेचे सगळे गुपित आहे. डावा हात स्वराची उंची ठरवतो आणि उजवा हात त्याचा रंग. पण डावा हात हलला की उजव्या हाताने ठरवलेला रंगही बदलतो, उजवा हात जागचा तसूभर हलला नसला तरी!

डावा हात: तार नेमकी कुठे संपते?

बऱ्याच गिटारींची मोकळी तार 648 मिलिमीटर लांब असते. एका टोकाला नट, दुसऱ्या टोकाला ब्रिज. बोटाने तार फ्रेटवर दाबली की ती तिथेच संपते, म्हणजे कंपन पावणारा भाग आखूड होतो आणि स्वर चढतो. प्रत्येक फ्रेट अर्ध्या स्वराने वर नेतो. बारा फ्रेटनंतर तार बरोबर निम्मी, 324 मिलिमीटर उरते आणि वरच्या सप्तकातला तोच स्वर मिळतो.

हे फ्रेट कुठे ठोकायचे, याचा एक जुना हिशेब आहे. गॅलिलिओचे वडील विन्सेंझो गॅलिली हे ल्यूट वाजवणारे. त्यांनी 1581 साली छापलेल्या ग्रंथात 18 ला 17 हे प्रमाण सुचवले: तारेचे अठरा भाग करा आणि एका भागावर पहिला फ्रेट बसवा. उरलेल्या तारेचे पुन्हा अठरा भाग करा आणि दुसरा बसवा. आपल्या 648 मिलिमीटरच्या तारेवर पहिला फ्रेट बरोबर 36 मिलिमीटरवर येतो. आज अठराऐवजी 17.817 ने भागतात, म्हणून तो 36.4 वर येतो. फरक नखाच्या जाडीएवढा, पण बारा पायऱ्या चढेपर्यंत तो साचत जातो. जुन्या हिशेबाने बारावा फ्रेट अर्ध्यापासून सुमारे 2.4 मिलिमीटर अलीकडे पडतो.

मग बोट फ्रेटच्या लगतच का? तारेचे नवे टोक म्हणजे धातूची ती पट्टी. बोटाचे काम तारेला त्या पट्टीवर घट्ट टेकवण्याचे. बोट पट्टीच्या मागे जवळ असेल तर हलक्या दाबात तार बसते. दूर मागे गेले की जास्त जोर लावावा लागतो, नाहीतर तार पट्टीवर थरथरते आणि झर्र आवाज येतो. बोट थेट पट्टीवरच ठेवले, तर बोटाचे मांस कंपन शोषून घेते आणि स्वर मुका होतो. जोर फार झाला तर तार ताणली जाऊन स्वर किंचित चढतो; नव्या वादकाची गिटार लावलेली असूनही बेसुरी वाटते, त्याचे हे एक कारण. स्लाइड वाजवणाऱ्याचे मात्र उलटे. त्याची नळी तार दाबत नाही, नुसती टेकते. म्हणून ती फ्रेटच्या मागे नाही, बरोबर फ्रेटच्या डोक्यावर धरावी लागते.

वऱ्हाडात या हिशेबात ऊनही लुडबुड करते. मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो, दुपारची हवा कोरडीठाक होते. लाकडातला ओलावा उडतो, गळ्याची पट्टी आक्रसते आणि फ्रेटची टोके कडेला बाहेर येऊन बोटांना टोचू लागतात. वरची फळी बसते, तारा खाली येतात आणि कालपर्यंत स्वच्छ वाजणारा स्वर झरझरतो. पावसाळ्यात लाकूड फुगून तारा उंच होतात, मग तोच कॉर्ड दाबताना बोटे दुखतात. अशा वेळी दोष बोटांवर टाकण्याआधी एकदा गिटारीकडे बघावे.

बोट न दाबता, फक्त टेकवून

आता एक प्रयोग. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला बोट नुसते टेकवा, दाबू नका. तार छेडा आणि लगेच बोट उचला. घंटेसारखा निर्मळ स्वर येतो, सप्तकभर उंच. हेच सातव्या आणि पाचव्या फ्रेटवरही होते, पण पहिल्या किंवा सहाव्या फ्रेटवर असा खणखणीत स्वर मिळत नाही.

कारण तार कधीच एका स्वरात वाजत नाही. ती एकाच वेळी पूर्ण लांबीने डोलते, दोन समान तुकड्यांत डोलते, तीन तुकड्यांत, चार, पाच, असे कितीतरी. तंबोऱ्यात आपण ज्याला स्वयंभू गंधार म्हणतो तो पाच तुकड्यांतल्या कंपनाचा स्वर. तीन तुकड्यांतून पंचम मिळतो. तुकड्यांच्या सांध्यांवर तार स्थिर असते. तिथे बोट टेकवले, तर ज्यांचा सांधा तिथे आहे ती कंपने निर्धास्त चालू राहतात, बाकीची थांबतात.

फ्रेट अपूर्णांकांसाठी ठोकलेले नाहीत, अर्ध्या स्वरांच्या समान पायऱ्यांसाठी ठोकलेले आहेत. तरी पाहा: सातवा फ्रेट नटपासून 215.5 मिलिमीटरवर येतो आणि तारेचा एक तृतीयांश 216 वर. पाचवा फ्रेट 162.5 वर, एक चतुर्थांश 162 वर. दोन वेगळ्या गणितांची अर्ध्या मिलिमीटरच्या अंतराने गाठ पडते, आणि आपण ज्याला सुरेल म्हणतो ते बरेचसे याच गाठीवर उभे आहे.

उजवा हात: कोपरा कुठे पाडला?

तार बोटाने ओढली की क्षणभर तिचा त्रिकोण होतो. बोट सुटते तेव्हा डोळ्याला तार पुढे-मागे डोलताना दिसते, पण आत घडते ते वेगळेच. त्रिकोणाचा कोपरा दुभंगतो. एक कोपरा नटकडे, दुसरा ब्रिजकडे धावतो, टोकावर आपटतो, उलटा होऊन परततो. गिटारीच्या सर्वांत बारीक तारेवर हे सेकंदाला सुमारे 330 वेळा घडते. म्हणजे कोपऱ्याचा वेग सेकंदाला 427 मीटर, ताशी दीड हजार किलोमीटरहून जास्त; हवेतल्या आवाजापेक्षाही वेगवान. जून 2022 मध्ये अमरावती-अकोला दरम्यान 75 किलोमीटर डांबरी रस्ता 105 तास 33 मिनिटांत अंथरून विक्रम झाला होता. हा कोपरा ते अंतर तीन मिनिटांत कापेल.

कोपरा जिथे पाडला, त्याची खूण आवाजात राहते. थॉमस यंग यांनी 1800 साली हे मांडले: ज्या कंपनाचा सांधा छेडण्याच्या जागी आहे, ते कंपन उठतच नाही. तार बरोबर मध्यावर छेडली तर दोन, चार, सहा तुकड्यांची कंपने गायब, आणि आवाज गोल, पोकळ, बासरीकडे झुकणारा. एक पंचमांशावर छेडली तर स्वयंभू गंधार गप्प. ब्रिजच्या अगदी जवळ छेडली तर तिथे खालच्या कंपनांपैकी कोणाचाच सांधा नसतो. वरचे स्वर जोरात उठतात आणि आवाज धारदार, नाकातला होतो. गिटारीच्या भोकावर हात ठेवायला सांगतात, कारण ती जागा ब्रिजपासून साधारण पाव तारेवर येते: ना फार पोकळ, ना फार कर्कश.

छेडणाऱ्या वस्तूचा रुंदपणाही मोजला जातो. बोटाच्या मऊ गादीने पाडलेला कोपरा बोथट, त्यात बारीक तुकड्यांची कंपने उठत नाहीत. नखाचा कोपरा टोकदार, पातळ कडक पिकचा त्याहून टोकदार. सतारिया तर्जनीवर तारेची मिजराब चढवतो ती याचसाठी. म्हणून अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अनामिका यांना वेगवेगळ्या तारा वाटून देणारे शास्त्रीय गिटारवादक उजव्या हाताची नखे जपून घासतात आणि डाव्या हाताची बारीक कापतात.

हा नियम तारेपुरता नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनाची परंपरा मोझरीपासून सगळ्या विदर्भात पसरली. खंजिरीच्या मध्यावर थाप मारली तर कातड्याची केवळ वर्तुळाकार कंपने उठतात; धुम्म होऊन आवाज लगेच विरतो. काठाजवळ बोट मारले की कातडे आडव्या रेषेवर दुभंगून डोलते, मूळ स्वराच्या सुमारे 1.59 पट उंच स्वर उठतो आणि जास्त वेळ टिकतो. तिथेही प्रश्न तोच: हात कुठे पडला?

दोन हातांची गुंफण

आता उजवा हात ब्रिजपासून 162 मिलिमीटरवर पक्का ठेवा आणि तो अजिबात हलवू नका. मोकळी तार छेडली, तर ती जागा तारेच्या एक चतुर्थांशावर आहे. चार तुकड्यांचे कंपन गप्प. डाव्या हाताने पाचवा फ्रेट दाबला. तार 485 मिलिमीटर उरली आणि तीच जागा आता एक तृतीयांशावर आली. तीन तुकड्यांचे कंपन, म्हणजे पंचम गप्प. बारावा फ्रेट दाबला, तार 324 उरली. तीच जागा आता बरोबर मध्यावर, आणि सगळी सम कंपने नाहीशी. उजव्या हाताला पत्ताही नाही, पण त्याच्या आवाजाचा रंग दोनदा बदलला. वीणेकऱ्याला ही चिंता नाही, कारण त्याची तार कधी आखूडच होत नाही.

तंबोरा मात्र या नियमालाही चकवतो. गवय्याच्या मागे बसणारा तारा बऱ्याचदा मध्याच्या आसपास छेडतो. यंग यांच्या म्हणण्याप्रमाणे सम कंपने उठू नयेत, पण ती लख्ख ऐकू येतात. याचे कोडे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी सोडवले. हे रामन सरकारी अर्थखात्यात असताना 1910 च्या सुमारास नागपूरला नोकरीत होते. भारतीय तंतुवाद्यांवरचा त्यांचा निबंध त्यानंतर दशकभराने, कोलकात्यात असताना आला. तंबोऱ्याची घोडी, म्हणजे ब्रिज, धारदार नसून रुंद आणि किंचित गोलाईची असते, तिच्यावर तारेखाली सुती दोरा सरकवतात. तार दर फेरीत त्या गोलाईला घासते, तिचे टोक सतत पुढे-मागे सरकते, आणि छेडताना न उठलेली कंपने घोडीच उठवते. जवारी म्हणतात ती हीच. ज्या मिरजेचे कारागीर ती पिढ्यान्‌पिढ्या हाताने घासत आले, तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

गिटारीची घोडी अशी मदत करत नाही. तिथे रंग सांभाळायचे काम हाताचेच. म्हणून मुरलेला वादक गळ्यावर वर चढताना उजवा हात हळूच ब्रिजकडे नेतो: बाराव्या फ्रेटवर पाव तारेचा रंग हवा असेल तर 162 वरून 81 मिलिमीटरवर. कधी मुद्दाम नेत नाही, आणि वरचा स्वर गोल, दाटलेला येऊ देतो. शिकणाऱ्याने हे एकाच तारेवर करून पाहावे: डाव्या हाताने एक स्वर धरून ठेवायचा आणि उजवा हात ब्रिजपासून भोकापलीकडे अंगठ्याच्या रुंदीएवढ्या टप्प्यांनी सरकवत छेडत जायचे. हातात सगळ्यात स्वस्त गिटार असली, तरी एकाच स्वराचे किती चेहरे आहेत ते कळते. नवी गिटार घ्यायच्या आधी हे करून पाहिले, तर कदाचित घ्यावी लागणार नाही.