निर्वासितांचा धडा घेताना

कोल्हापूर-सांगलीकडे लग्नाचा बस्ता बांधायचा म्हटलं की लोक गांधीनगरची वाट धरतात. तिथले कापडाचे व्यापारी बहुतेक सिंधी. ते इथं कसे आले, असं नववीच्या वर्गात विचारलं तर ‘फाळणीत’ एवढं उत्तर कुणीतरी देतं. त्यांच्याआधी त्या जागेवर कोण राहत होतं, या प्रश्नावर मात्र वर्ग गप्प बसतो. १९४३ ते १९४८ या काळात आजच्या गांधीनगरच्या जागी असलेल्या वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहत होती, त्यांत बहुसंख्य बायका आणि मुलं. सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंड ताब्यात घेतल्यावर त्यांना सैबेरियात आणि मध्य आशियात हद्दपार केलं होतं. तिथून सुटका झाल्यावर इराणमार्गे ती भारतात पोचली. इथं त्यांनी शाळा चालवल्या, चर्च उभारलं. ती गेली आणि त्याच छावणीत सिंधमधून आलेली कुटुंबं उतरली.

छप्पर तेच, पण कायद्याच्या लेखी दोघांत जमीन-अस्मानाचं अंतर. पाकिस्तानातून आलेल्यांचं नागरिकत्व संविधानाच्या सहाव्या कलमाने तारखेवर ठरवलं. स्वतः किंवा आईवडील, आजीआजोबांपैकी कुणी अविभाजित भारतात जन्मलेलं असेल आणि माणूस १९ जुलै १९४८ च्या आधी येऊन इथंच राहिला असेल, तर तो नागरिक. त्या तारखेला किंवा नंतर आलेल्याला अर्ज करून नाव नोंदवावं लागलं. पोलिश मंडळी या हिशेबात कधीच नव्हती. त्यांचा खर्च आधी लंडनमधलं पोलंडचं परागंदा सरकार उचलत होतं. युद्ध संपल्यावर कुणी ब्रिटनला गेलं, कुणी ऑस्ट्रेलियाला, काही जण पोलंडला परतले.

हा विषय वर्गात घेणारे शिक्षक सहसा दोन टोकांपैकी एक पकडतात. एकतर मुलांचे डोळे पाणावतील असं सांगतात, नाहीतर सीमेवरच्या धोक्याबद्दल. माझं म्हणणं असं की आधी कागद वाचायला शिकवावं. माणसाच्या हातात कुठला कागद आहे आणि त्यावर कुठली तारीख आहे, यावर त्याचं पुढचं सगळं ठरतं. ते न कळता केलेली कणव आणि न कळता घेतलेली धास्ती, दोन्ही सारखीच पोकळ. वर्गात, आणि खरं सांगायचं तर शिक्षकखोलीतही, जे गैरसमज वारंवार कानावर येतात ते त्या दृष्टीने पाहू.

गैरसमज: ‘निर्वासित म्हणजे चोरून घुसलेला’

१९५१ च्या जिनिव्हा करारानुसार निर्वासित म्हणजे वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळ होण्याची साधार भीती असल्याने स्वतःच्या देशाबाहेर असलेला माणूस. तो सीमा ओलांडून कसा आला, हा या व्याख्येचा भागच नाही. जीव मुठीत धरून पळणारा माणूस पासपोर्ट कार्यालयाच्या रांगेत उभा राहू शकत नाही, हे करार करणाऱ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच ३१ व्या कलमात, थेट धोक्याच्या जागेवरून आलेल्या आणि विनाविलंब अधिकाऱ्यांपुढे हजर झालेल्या माणसाला बेकायदा प्रवेशाबद्दल शिक्षा करू नये, असं म्हटलं आहे.

उलट बाजूही मुलांना सांगायला हवी. दुष्काळाने, पुराने किंवा निव्वळ गरिबीने देश सोडणारा या व्याख्येत बसत नाही, त्याचे हाल कितीही खरे असले तरी. धरणाखाली गाव गेलेला कोयनेचा शेतकरी आणि ऊसतोडीला निघालेलं बीडचं कुटुंब हेही निर्वासित नव्हेत, कारण त्यांनी देशाची सीमा ओलांडलेली नाही.

‘बेकायदा स्थलांतरित’ म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर नेहमी दुसऱ्या देशाचा माणूस येतो. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेच्या लष्करी विमानाने अमृतसरला उतरवलेले १०४ जण भारतीय होते. बहुतेक हरयाणा, गुजरात आणि पंजाबचे, तिघे महाराष्ट्राचे. ही एक बातमी वर्गात वाचून दाखवली की चर्चेचा सूर बदलतो, असा अनुभव आहे.

गैरसमज: ‘आपल्याकडे निर्वासितांसाठी कायदा आहे, सीएए तोच’

या प्रश्नावर मोठी माणसंही अडखळतात. भारतात निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदा नाही. १९५१ च्या करारावर आणि १९६७ च्या पूरक करारावर भारताची सही नाही. पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका आणि नेपाळ यांचीही नाही. परदेशी माणसाचा भारतातला प्रवेश, मुक्काम आणि हकालपट्टी यांसाठी १९२०, १९३९, १९४६ आणि २००० असे चार जुने कायदे होते. ते बाजूला सारून २०२५ चा परदेशी नागरिक व स्थलांतरविषयक कायदा त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून लागू झाला. त्यातही निर्वासितांची वेगळी वर्गवारी नाही. केंद्र सरकार वेळोवेळी आदेश काढून अमुक गटाला सवलत देतं, तमुक गटाला देत नाही. धोरण असं आदेशांमध्ये विखुरलेलं आहे आणि म्हणूनच पाठ्यपुस्तकात ते सापडत नाही.

२०१९ ची नागरिकत्व दुरुस्ती, म्हणजेच सीएए, नागरिकत्व देण्याबद्दल आहे, आश्रय देण्याबद्दल नाही. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान या तीनच देशांतले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती, तेही ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात आलेले, एवढ्यांपुरती ती आहे. त्यांच्यासाठी वास्तव्याची अट ११ वर्षांवरून ५ वर्षांवर आली. नियम निघायला ११ मार्च २०२४ उजाडलं. या दुरुस्तीमुळे कुणा भारतीयाचं नागरिकत्व जात नाही, आणि धर्म त्यातला असला तरी श्रीलंकेतून आलेल्या तमिळ हिंदूला तिचा लाभ नाही. तिबेटी बौद्धालाही नाही. कुठलाही पक्ष मनात धरून बसलेल्या विद्यार्थ्याला यातली किमान एक गोष्ट नवीन असते.

त्यात आणखी एक बारकावा आहे. याच तीन देशांतले याच सहा समाजांचे जे लोक छळामुळे ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आले, त्यांना कागदपत्रांच्या अटीतून २०२५ च्या आदेशाने सूट दिली. अनेकांनी बातमी वाचली ती ‘सीएएची मुदत दहा वर्षांनी वाढली’ अशी. तसं झालेलं नाही. समजा, सिंधमधलं एक हिंदू कुटुंब २०१६ मध्ये आलं. नव्या आदेशामुळे कागद नाहीत म्हणून त्याच्यावर कारवाई होणार नाही, पण २०१९ च्या दुरुस्तीखाली नागरिकत्व मागता येणार नाही. राहू देणं वेगळं आणि आपलं म्हणून नोंदवणं वेगळं.

गैरसमज: ‘सही नाही, म्हणजे त्यांना इथं काहीच हक्क नाहीत’

संविधानातलं १९ वं कलम फक्त नागरिकांसाठी आहे. १४ वं आणि २१ वं, म्हणजे कायद्यापुढे समानता आणि जीविताचं संरक्षण, ही ‘व्यक्ती’साठी आहेत. १९९५ मध्ये अरुणाचल प्रदेशातल्या चकमा निर्वासितांना हुसकावण्याच्या धमक्या सुरू होत्या, तेव्हा राष्ट्रीय मानवाधिकार आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. नागरिक नसलेल्याच्याही जिवाचं रक्षण करणं राज्याचं काम आहे, असं न्यायालयाने १९९६ मध्ये बजावलं.

इथंच थांबून टाळ्या घेणारे शिक्षक पाहिले आहेत. पुढचा निकालही सांगायला हवा. ८ एप्रिल २०२१ ला जम्मूत स्थानबद्ध केलेल्या रोहिंग्यांच्या बाबतीत त्याच न्यायालयाने १४ आणि २१ सर्वांना लागू आहेत हे मान्य केलं, पण हकालपट्टी न होण्याचा हक्क १९ व्या कलमाशी जोडलेला आहे आणि तो नागरिकांचाच, असं म्हटलं. सुटकेची आणि परत न पाठवण्याची विनंती मान्य झाली नाही. विहित पद्धत पाळल्याशिवाय पाठवू नये, एवढंच बंधन राहिलं.

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाचं कार्ड भारतात अनेक अफगाण आणि म्यानमारी कुटुंबांकडे असतं. ते ओळखीला उपयोगी पडतं. व्हिसाची जागा ते घेत नाही.

गैरसमज: ‘सगळ्यांचा लोंढा श्रीमंत देशांकडे’

२०२४ च्या अखेरीस जगभरात १२ कोटी ३२ लाख माणसं छळामुळे किंवा संघर्षामुळे घरादाराला मुकली होती. त्यांतली ७ कोटी ३५ लाख स्वतःच्याच देशात होती. देश सोडलेल्यांपैकी दोनतृतीयांश शेजारच्या देशात थांबले. सर्वाधिक लोकांना आसरा देणारे देश इराण, तुर्कस्तान, कोलंबिया, जर्मनी आणि युगांडा. नकाशावर हे पाच देश रंगवायला लावले की पुरे, वेगळं भाष्य लागत नाही.

गैरसमज: ‘इथं जन्मलं ते भारतीय’

हा तास मला सगळ्यांत आवडतो, कारण यात वही-पेन घेऊन सोडवण्यासारखं काही आहे. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेलं जवळपास प्रत्येक मूल जन्माने नागरिक. १ जुलै १९८७ पासून आईवडिलांपैकी एक भारतीय हवा. ३ डिसेंबर २००४ पासून दोघे भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला.

आता फळ्यावर एक कुटुंब लिहा. आईवडील दोघेही तिबेटहून आलेले. वसाहत गोंदिया जिल्ह्यातली नोर्ग्येलिंग समजा, गोठणगाव-प्रतापगड भागातली. मुलगी १९८५ ची, मुलगा १९८९ चा, एकाच दवाखान्यात जन्मलेले. मुलगी कायद्याने भारतीय, मुलगा परदेशी. मुलाला नोंदणी प्रमाणपत्र ठरावीक मुदतीने परदेशी नोंदणी अधिकाऱ्याकडून नवं करून घ्यावं लागतं आणि परदेशी जायचं तर पिवळ्या रंगाचं ओळखपत्र-पुस्तक काढावं लागतं. मुलीचा हक्क दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०१० च्या निकालाने स्पष्ट केला. तरी तिने पासपोर्ट मागितला तेव्हा २०१७ मध्ये सरकारने अटी घातल्या: तिबेटी नोंदणी परत करा, वसाहतीत राहू नका, तिथल्या सवलती सोडा. म्हणजे पासपोर्ट घ्यायचा तर आईवडिलांचं घर सोडायचं. मुलीने काय करावं, हा प्रश्न वर्गाला विचारा. वाद रंगतो, आणि तो ‘त्यांना ठेवावं की हाकलावं’ या वादापेक्षा कितीतरी चांगला रंगतो.

एक पथ्य मात्र पाळावं. उल्हासनगरात, गडचिरोलीच्या मुलचेरा-चामोर्शी भागातल्या बंगाली वस्त्यांत किंवा गांधीनगरात हा धडा घेताना एखाद्या मुलाला उभं करून ‘तुझ्या घरचं सांग’ म्हणू नये. त्याला सांगायचं असेल तर तो स्वतः सांगेल. त्याच्या पणजोबांची फरफट हे शैक्षणिक साहित्य नव्हे.

मुलं शेवटी हमखास विचारतात, ‘सर, राज्य सरकार निर्वासितांना घेऊ शकतं का?’ कागदावर नाही. नागरिकत्व, परकीय व्यक्ती, व्हिसा आणि हकालपट्टी हे विषय केंद्रसूचीत आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता बळकावली आणि तिथल्या चिन समाजाचे लोक मिझोरामकडे येऊ लागले. १० मार्चला केंद्रीय गृह मंत्रालयाने सीमेवरच्या राज्यांना कळवलं की निर्वासिताचा दर्जा देण्याचा अधिकार राज्यांना नाही. मिझो आणि चिन एकाच रक्ताचे. मिझोराम सरकारने दर्जा दिला नाही, पण लोकांना परतही पाठवलं नाही. चर्च आणि गावोगावच्या यंग मिझो असोसिएशनच्या शाखांनी जेवणाची सोय केली. त्याच वर्षीच्या ऑगस्टअखेर राज्याच्या शिक्षण खात्याने शाळांना पत्र पाठवलं. शिक्षणहक्क कायद्यात ‘सहा ते चौदा वर्षांचं प्रत्येक मूल’ असं लिहिलं आहे, त्याचा आधार घेऊन म्यानमारमधून आलेल्या मुलांना दाखल करून घ्या, असं त्यात म्हटलं होतं.